ना गर्भार, ना बाळंतीण

संभाजीनगरहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, वेरूळ बघितलंस का? नाही बघितलं. अजिंठाही नाही. दौलताबादचा किल्ला गाडीतून दिसला, पालथ्या टोपलीसारखा, आणि मागे गेला. वाचनालयातल्या बाईंनी "प्रवासवर्णन लिही" म्हणून वही हातात दिली, तेव्हा मी म्हटलं, बाई, मी प्रवास कुठं केला, मी तर पहारा केला. त्या म्हणाल्या, पहाऱ्याचंच लिही. म्हणून लिहिते. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

शाळा सुटली कारण आई गेली. माझी धाकटी बहीण नंदा तेव्हा तीन वर्षांची होती. तिला मी वाढवली, काजूच्या कारखान्यात बसून. पुढे तिचं लग्न करमाडच्या संतोषशी झालं. तो आधी गोव्याला कंपनीत होता, मग गावाजवळ शेंद्र्याला नोकरी लागली आणि तिला घेऊन गेला. कुडाळहून करमाड म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. माहेर म्हणून तिला मी एकटी, आणि मी इतकी लांब.

माघात फोन आला. नंदाला सातव्या महिन्यातच ऑपरेशन करून मोकळी केली, मुलगी झाली, वजन अकराशे ग्रॅम. आमच्याकडे काजूगराचं पाकीट असतं ना किलोचं, त्याच्याहून जरासं जास्त. मी नवऱ्याला मुलं सोपवली, डिंक, अळीव, बाळंतशेपा, कुळथाचं पीठ आणि दहा नारळ पोत्यात भरले आणि निघाले.

दवाखाना

दवाखान्याच्या फाटकावर शिपायाने पोतं अडवलं. नारळ आत नेता येत नाहीत. का, तर नियम. मी विचारलं, "नारळाने कोणाला काय होतं?" तो म्हणाला, "डोक्यात मारला तं?" मी दहा नारळ घेऊन साडेचारशे मैल आले ते लोकांच्या डोक्यात मारायला, असं त्याचं मत पडलं. शेवटी नारळ त्याच्याच खुर्चीखाली ठेवून, बाकीचं पोतं घेऊन मी वर गेले.

नंदा जिन्याजवळ फरशीवर सतरंजी टाकून बसली होती. ऑपरेशनला चार दिवस झालेले. मला बघून म्हणाली, "तू इलंस?" आणि रडायला लागली.

ज्या वॉर्डात पेट्या होत्या तिथं आम्हाला नेलं ते रुखसाना सिस्टरने. या बाईचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही, ते पुढे येईलच. काचेची पेटी, आत ऊब, नाकात नळी, तोंडात नळी, आणि त्या सगळ्याच्या मधे लाल, सुरकुतलेली, श्वास घ्यायला विसरणारी एक मुलगी. विसरली की पेटी ओरडायची, सिस्टर तळपायाला टिचकी मारायची, मग तिला आठवायचं. मी त्या पेटीला हात जोडले. आमच्या आईच्या वेळी असली पेटी असती तर नंदाच्या आधीची दोन जगली असती. तेव्हा पुढे जे काही लिहिते आहे ते पेटीविरुद्ध नाही. पेटीभोवतीच्या शहाण्यांविरुद्ध आहे.

सिस्टर म्हणाली, "बाजी, पेटी अपना काम करती. अब माँ का दूध हौना. दो बूंद तो दो बूंद, हर दो घंटे को. पावडर इसके आतड्यां को झेपती नैं." सांगितलं ते एवढंच, पण समजण्यासारखं होतं. दूध येण्यासाठी आईला खाणं पाहिजे, झोप पाहिजे, आणि पोरगी नजरेसमोर पाहिजे.

मी डिंकाचे लाडू वळायला कुठं चूल मिळेल ते शोधत होते, तेवढ्यात नंदाची सासू आली. कौसामावशी. उंच, काळीसावळी, आवाज शेतातल्या माणसाचा. माझ्या पोत्यातल्या पुड्या तिने एक एक बघितल्या आणि परत बांधल्या.

"ठिवा हे. कुनासाटी आनलंय?"

"मावशी, बाळंतिणीसाठी."

"कोन बाळंतीण? लेकरू कुठं आलंय अजून?"

मला वाटलं, हिला कोणी सांगितलंच नाही. मी म्हटलं, "आलंय की. आत पेटीत आहे, तुम्ही बघितलं नाही?"

"पेटीत हाय ना? मंग आलं नाय. पोटात व्हतं तसं पेटीत हाय. दोन महिने बाकी हायेत तिचे. भरू द्या की."

मग तिने मला बाजूला घेऊन आवाज खाली करून समजावलं. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, हे आमच्याकडेही मानतात. कोरा कागद, लेखणी, दिवा, सगळं तेच. पण कौसामावशीचा हिशेब पुढचा होता. "एवढुशा कपाळावर ती काय लिव्हनार, बाई? जागा तरी हाय का? जे लिव्हल ते तोकडंच लिव्हल. म्हून तिला कळूच द्यायचं नाय. पाचवी नाय, बारसं नाय, बाळंतिणीचं खानं नाय, शेक नाय. पेटीतनं निगंल तो जन्म. तवा मोजू."

खरं सांगते, मला हसू आलं नाही. नातीसाठी देवीशी लपाछपी खेळणारी बाई होती ती. पण लपाछपीत उपाशी कोण बसत होतं? माझी बहीण. पोटावर टाके, दूध उतरायला हवं, आणि ताटात काय, तर सगळ्यांना तीच येसराची तिखटजाळ आमटी आणि भाकरी. येसर म्हणजे तिकडचा भाजणीचा मसाला, डोळ्यांतून पाणी काढतो. चव चांगली, मी दोनदा घेतली. पण ती ओल्या बाळंतिणीला? आमच्याकडे कुत्रीला पिल्लं झाली तरी तिला पेज घालतात.

सभागृह

दहाव्या दिवशी एक संस्था दवाखान्यात आली. जालना रोडवरच्या हॉटेलात 'मातृत्वाचे भविष्य' असं व्याख्यान आहे, पेटीत बाळ असलेल्या आयांचा तिथं सत्कार करणार, गाडी पाठवतो. संतोषने ताबडतोब हो म्हटलं. संतोष वाईट नाही. नाही म्हणणं त्याला येत नाही, आणि जे समोर नसतात त्यांचा तोटा झाला तरी त्याला चालतं.

सभागृहात एवढी थंड हवा सोडली होती की नंदाचे दात वाजायला लागले. तिला पहिल्या रांगेत बसवलं, हातात गुलाबाचं फूल दिलं आणि दोन तास तसंच ठेवलं. एकाने तरी 'दहा दिवसांची बाळंतीण आहे, पाठीला उशी द्या' म्हणावं? आयांच्या सत्काराला आलेली ती सगळी माणसं.

स्टेजवर एक प्लास्टिकची मोठी पिशवी टांगली होती. आत पाणी, पाण्यात रबरी बाहुली, बाहुलीच्या बेंबीला नळी, खालून निळा दिवा, आणि बुडबुडे यावेत म्हणून माशांच्या टाकीला लावतात तसला पंप. हा म्हणे उद्याचा गर्भाशय. व्याख्याते पुण्याचे होते. डॉक्टर होते, पण पेशंट बघणारे नव्हते, बोलणारे होते. कोट इस्त्रीचा, हात बायकांपेक्षा मऊ. म्हणाले, परदेशात कोकरू अशा पिशवीत वाढवून दाखवलंय. उद्या माणसाचं मूल वाढेल. वेदना नाही, टाके नाहीत, डोहाळे नाहीत, पोटाचा आकार बिघडणं नाही. सकाळी पिशवीकडे बघून बाई ऑफिसला जाईल, संध्याकाळी मोबाईलवर बघेल. बाळंतपण हा शब्दच संग्रहालयात जाईल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पुरुष फार होते. ज्यांचं पोट कधी सुटलं ते फक्त जेवणाने, त्यांना बाळंतपण संपल्याचा एवढा आनंद का व्हावा, ते मला कळलं नाही.

तेवढ्यात पिशवी गळायला लागली. टपटप पाणी पांढऱ्या टेबलक्लॉथवर, तिथून गालिच्यावर. व्याख्यात्यांनी वाक्य न तोडता पाय वर घेतले. बाजूच्या दारातून हॉटेलातली एक साठीची बाई बादली घेऊन आली आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. भविष्यकाळाचं एवढं वर्णन चाललं होतं, त्यात फडकं कोणाच्या हातात राहणार ते एकट्या त्या बाईनेच दाखवलं.

शेवटी विचारलं, कोणाला प्रश्न? कारखान्यात सुपरवायझरशी बोलतानाही मी अडखळते. पण शेजारी नंदा थरथरत होती, म्हणून उभी राहिले.

"साहेब, बाळ पिशवीत असतं तेव्हा त्या बाईला काय म्हणायचं? गर्भार की बाळंतीण?"

सगळे हसले. साहेबही हसले, प्रेमाने, मूल समजून. "छान प्रश्न आहे, ताई. दोन्ही नाही! ती फक्त एक स्वतंत्र व्यक्ती. कोणतीही अवस्था नाही, कोणतंही बंधन नाही."

"मग तिला विश्रांती कोण देणार?"

"विश्रांती कशाला लागेल? तिने काही केलेलंच नाही!"

पुन्हा टाळ्या. नंदाने मान खाली घातली.

बाहेर समोसे होते, गार. तिथं आमच्याबरोबर आलेल्या कौसामावशीने माझा दंड धरला. तिच्या तोंडावर बक्षीस मिळाल्यासारखं हसू. "ऐकलं का? एवढा शिकलेला मानूस! तो बी तेच म्हंतो जे मी म्हंते. पेटीत असंस्तवर बाई मोकळीच."

सटवाईला भिणारी आणि कशालाच न भिणारा, दोघं वेगवेगळ्या वाटांनी आले आणि माझ्या बहिणीच्या टाक्यांवर येऊन एकत्र उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ती नंदाला करमाडला घेऊन गेली. ज्वारीची काढणी लागली होती, आठ बायका रोजाने यायच्या, त्यांचं करायला घरात बाई नव्हती. मी नको म्हणून आडवी आले. संतोष म्हणाला, "ताई, तीन-चार दिवसांचा तं सवाल हाय. अन् तुमी हायेत ना इथं." मी होते. मी होते, पण मला दूध येत नव्हतं.

फरशी

पुढचे तीन दिवस मी जिन्याजवळच्या त्या सतरंजीवर काढले. वॉर्डातून हाक आली की पळायचं. दिवसभर भीती. पेटी ओरडली की ती आमचीच, असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ती आमचीच असायची. माझं जेवण रुखसाना सिस्टर घरून आणायची. एकदा नान आणि खलिया आणला. मटणाचा रस्सा, वर लाल तेल, नान पिवळसर आणि माझ्या पंजाच्या दुप्पट. मासे खाणाऱ्या माणसाला तो जड जातो, पण मी हात चाटून खाल्ला आणि खाताना मला नंदा आठवून लाज वाटली.

सिस्टरनेच एका संध्याकाळी मला जबरदस्तीने बाहेर काढलं. "जाव, हवा खाके आव. मकबरा पास में है." म्हणून मी तेवढं एक बघितलं, बीबीचा मकबरा. गाईड कोणाला तरी सांगत होता की ही बीबी बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली. मी थांबले. खाली कमरेएवढा संगमरवर, वर चुना. माणसांना बाई मेल्यावर दगड सुचतो, तोही अर्ध्यापर्यंतच. जिवंत असताना तिला वेळेवर पेज कोणी दिली होती का, ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मी परत फिरले.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने मला पेटीजवळ बोलावलं. बाळाचं वजन उतरलं होतं. अकराशेची ती हजारावर आली होती, आणि पावडरने पोट फुगलेलं. "माँ किधर है, बाजी?"

"रानात."

"रानात?" सिस्टरने पुन्हा विचारलं. मग तिचा आवाज एकदम घरातल्या बाईसारखा झाला. "उसकू लेके आव. दूध तीन दिन बंद रैया तो फिर आता नैं. बाद में मेरेकू नक्को बोलना."

करमाड

जीपमधून उतरले तेव्हा उन्हं चढली होती. त्या मुलखाचं ऊन आमच्यासारखं ओलं नाही, ते नुसतं चावतं. अंगणात ज्वारीच्या कणसांचा ढीग, आणि चुलीपुढे नंदा, घामाने निथळत, भाकऱ्या थापत. ब्लाउज पुढून कोरडा. मी तेच आधी बघितलं.

"कायच येना नाय गो, ताई," ती म्हणाली. "कालपासून एक थेंब नाय. माका कोण बाळंतीण म्हणना नाय."

मी जीपमधून येताना ठरवून आले होते की भांडायचं. शिव्या तोंडपाठ केल्या होत्या. पण कौसामावशी खळ्यावरून पदराने वारा घेत आली, आणि मला कळलं की शिव्यांनी ही बाई हलणार नाही. ती नातीला वाचवतच होती ना, तिच्या हिशेबाने? मग मी तिचाच हिशेब धरला.

"मावशी, तुमचं पटलं मला. बाळ अजून आलं नाही."

"मंग!"

"पोटात होतं तसं पेटीत आहे."

"तेच तं म्हंते मी."

"म्हणजे नंदा गर्भार आहे."

कौसामावशीचा वारा थांबला.

"सातवा सरून आठवा लागला तिला," मी म्हटलं. "पहिलटकरीण. आणि तुमच्या घरात आठव्या महिन्याची पहिलटकरीण चुलीपुढे आठ माणसांच्या भाकऱ्या थापते? हिची ओटी कधी भरली? डोहाळे कोणी पुरवले? गावात कोणी विचारलं तर काय सांगू, कौसाबाईच्या घरात गर्भारशीला घागर उचलायला लावतात?"

कणसं बडवणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांतली एक म्हातारी लगेच म्हणाली, "व्हय की गं कौसे! सातव्यात ओटी नाय भरली तं लेकराचा कान फुटतो."

"गप ए," कौसामावशी म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"तिचं पोट कुठं हाय पन?" दुसरीने विचारलं.

"दवाखान्यात," मी म्हटलं. "तिचं पोट दवाखान्यात ठेवलंय. आणि पोट तिथं आणि बाई इथं, हे कुठं बघितलंय का?"

यावर बायकांत जी चर्चा झाली तिच्यापुढे त्या हॉटेलातली चर्चा पोरकट होती. पोटापासून बाईला लांब ठेवलं तर नाळ ताणते का, इथपर्यंत गोष्ट गेली. एकीने सांगितलं, पहिलं बाळंतपण तर माहेरचंच असतं, आठव्यात पोर माहेरी जाते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माहेर अंगणात उभं होतं, धुळीने भरलेलं.

देवीशी मांडलेला डाव कौसामावशीला मोडवेना, आणि माझं म्हणणं त्या डावाच्या बाहेरचं नव्हतं. शेवटी ती उठली, घरातून हिरवं लुगडं आणि तांदूळ आणले, आणि चुलीपुढेच नंदाची ओटी भरली. रिकाम्या पोटाच्या, टाके घातलेल्या माझ्या बहिणीची. मग मला म्हणाली, "काय खाऊ वाटतंय तिला, इचारा."

नंदा म्हणाली, "पेज."

कौसामावशीला पेज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी शिकवली.

छावणी

त्याच दिवशी मी नंदाला घेऊन शहरात परत आले. रुखसाना सिस्टरच्या घराच्या मागची खोली आम्हाला मिळाली, छावणीत, म्हणजे लष्कराच्या वस्तीत. शेजारी सकाळी बिगुल वाजायचा, आणि बाजारात अळीव तेवढा मिळत नव्हता, बाकी सगळं मिळायचं. आता नंदाचं बाळंतपण सुरू झालं, मात्र नाव डोहाळ्यांचं. डिंकाचे लाडू गर्भारशीचे म्हणून खाल्ले, कुळथाचं पिठलं डोहाळे म्हणून, शेपूची भाजी डोहाळे म्हणून. कौसामावशी दर दोन दिवसांनी करमाडहून यायची, पोह्यांचा चिवडा, बोरं, चिंच घेऊन. चिंच मी लपवायची.

दूध लगेच आलं नाही. पहिला दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाला ओल. नंदा रडायची, सिस्टर रागवायची, "रोनेका नक्को, दूध रोने से भागता." पोरीला बघत बसलं की येईल, म्हणून तिने नंदाची खुर्चीच पेटीशेजारी टाकून घेतली, कोणाची परवानगी काढली देव जाणे. चौथ्या दिवशी वाटी पाव भरली. ती वाटी नेताना मी जिन्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसावर बाजूला व्हा म्हणून ओरडले.

वजन दहा दिवस हजाराभोवती घुटमळलं. मग सरकलं. एका सोमवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज बाहेर काढून आईच्या उराशी लावू, कातडीला कातडी, तासभर. जमलं तर रोज वाढवू.

नंदाला मागे टेकवून बसवलं. मुलीला नळ्यांसकट उचलून तिच्या उरावर पालथी ठेवली आणि वरून चादर गुंडाळली. मी पेटीच्या यंत्राकडे बघत होते. आता ओरडेल, मग ओरडेल. ते ओरडलं नाही. मुलीने तोंड हलवलं, एक हात पसरला आणि नंदाच्या गळ्याखाली ठेवला. तळपायाला टिचकी मारावी लागली नाही. एक तास ती श्वास घ्यायला विसरली नाही.

कौसामावशीला आत सोडत नव्हते. ती बाहेर काचेला नाक लावून उभी होती. रिकाम्या पेटीकडे बघत होती, मग नंदाकडे, मग पुन्हा पेटीकडे. मी बाहेर आले तर तिने डोळे न वळवताच विचारलं, "आज कोन वार?"

"सोमवार."

तिने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. सोम, मंगळ, बुध. "म्हंजी पाचवी शुक्करवारी," ती म्हणाली. "आता आली पोर."

मी सांगणार होते की तासाभराने तिला परत पेटीत ठेवणार आहेत, अजून महिना तरी. सांगितलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अन् तुमी काय उभ्या ऱ्हायल्या बगत? ओली बाळंतीण हाय ती! सकाळधरनं तिच्या पोटात कायी गेलंय का?"

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, चांगलं धार लावलेलं. पण नंदा खरंच सकाळपासून उपाशी होती, म्हणून मी आधी जिना उतरले.